मिठाच्या पाण्याचा बोळा

केसरगव्हाण ग्रामपंचायतीच्या हद्दीत हरकत घेण्याचं काम गेली एकवीस वर्षं श्री. हणमंतप्पा कोराळे हे एकटेच पाहत होते. या कामाला मानधन नव्हतं, नेमणुकीचं पत्र नव्हतं आणि रजाही नव्हती. उमरग्यापासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात सतराशे मतदार. त्यांतल्या सोळाशे नव्व्याण्णव जणांनी हे काम कसलाही ठराव न करता आप्पांकडे सोपवलं होतं आणि ते आपापल्या उसाकडे, दुधाकडे नि मोबाईलकडे लक्ष द्यायला मोकळे झाले होते.

पद्धत ठरून गेली होती. स्टँडजवळ आप्पांचं दोर-दाव्यांचं दुकान होतं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी माणसं एकेक करून तिथं येत. कासरा उलगडून बघत, नायलॉनचा पीळ तपासत आणि इकडंतिकडं नजर टाकून हळूच म्हणत, "आप्पा, आमच्या गल्लीतल्या नळाचं उद्या जरा काढा की. माझं नाव मात्र घेऊ नका." आप्पा हो म्हणत. लोकांच्या तक्रारी ते अशा घाऊक घेत आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत किरकोळीनं काढत. ज्याची तक्रार असे तो गृहस्थ त्या वेळी पहिल्या रांगेत बसून, हे आपण आजच ऐकतो आहोत, अशा चेहऱ्यानं आप्पांकडे बघत राही.

"माझी हरकत आहे," हे तीन शब्द आप्पा असे खणखणीत म्हणत, की शाळेच्या पत्र्यावरचे पारवे उडून जात. गर्दी सरसावून बसे. सरपंच आण्णासाहेब पाण्याचा घोट घेत. ग्रामसेवक कृष्णराज हे आदल्या दिवशीच लिहून आणलेल्या इतिवृत्तावर नाइलाजानं काट मारत. अशा रीतीनं गावात लोकशाही नांदत होती आणि ती एका माणसाच्या घशावर भागत होती.

गेल्या वर्षभरात आप्पांची सगळ्यात मोठी हरकत होती गट नंबर एकशे बेचाळीसबद्दल. हा गट म्हणजे गावाचं गायरान. एका सौर कंपनीला ते तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं हवं होतं आणि आण्णासाहेबांना ते द्यायचं होतं. आप्पांनी हा विषय दोनदा हाणून पाडला होता. गावाला वाटे, आप्पा शेळ्या-मेंढ्यांच्या चराईसाठी भांडतात. ते खरंही होतं. पण गायरानाच्या उगवतीच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडाखाली, आप्पांची बायको इरम्मा होती. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा चालीप्रमाणे तिला बसवून तिथं समाधी दिली होती. आणखी तीसेक घरांची माणसं त्याच कोपऱ्यात होती. सातबाऱ्यावर मात्र त्या जागेपुढं "गवत पड" एवढाच उल्लेख होता. इरम्माभोवती तारेचं कुंपण पडेल, डोक्यावर काचांचं छप्पर येईल, आणि आपल्याला दर सोमवारी तिच्याकडे जायला कुणातरी वॉचमनची परवानगी काढावी लागेल, हे आप्पांना मंजूर नव्हतं.

असा माणूस ऐन चौदा ऑगस्टला दाढ दुखून आडवा व्हावा, हे कोणत्याच परिपत्रकात बसत नव्हतं. पण खालची उजवीकडची शेवटची दाढ अशी ठणकायला लागली, की आप्पांनी दुकान उघडं टाकून उमरगा गाठलं.

हायवेवर टायरच्या दुकानाच्या वर डॉ. शिवप्रिया यांचा दाताचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला साध्या. त्यांनी दाढ बघितली, काढावी लागेल म्हणाल्या आणि पुढं दोन पानांचं संमतीपत्र केलं. आता, गेल्या एकवीस वर्षांत आप्पांनी न वाचता कोणत्याही कागदावर सही केली नव्हती. गटाराच्या ठरावातल्या एका स्वल्पविरामावरून त्यांनी एकदा सभा पाऊण तास अडवून धरली होती. पण दाढेच्या कळेपुढं माणसाची तत्त्वं फार वेळ उभी राहत नाहीत. आप्पांनी जिथं फुली होती तिथं सही केली.

"दोन-तीन तासांत बधिरपणा उतरेल, काका," दाढ काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "तोवर गरम काही नको, चावून खाऊ नका आणि बोलू नका."

कापसाचा बोळा दाताखाली धरून आप्पांनी खिशातल्या पावतीमागं लिहिलं: "उद्या ग्रामसभा आहे."

"उद्यापर्यंत उतरतंय हो. काळजी करू नका."

बधिरपणा उतरला नाही. संध्याकाळी सून राजेश्वरीनं कोमट दूध दिलं, तर निम्मं हनुवटीवरून धोतरावर आलं आणि आप्पांना त्याचा पत्ता नव्हता. "मामा, गळायलंय," असं म्हणून तिनं टॉवेल पुढं केला. आप्पांनी बोटानं ओठ चाचपला. बोटाला ओठ लागत होता, ओठाला बोट लागत नव्हतं. शेजाऱ्याचा ओठ आपल्याला तात्पुरता वापरायला दिल्यासारखं ते प्रकरण होतं. जिभेचा उजवा भागही तसाच. तरी त्या संध्याकाळी दुकानात नेहमीप्रमाणे आठ माणसं आली, कासरे उलगडले गेले, तक्रारी सांगितल्या गेल्या. आप्पांनी प्रत्येकाला मान डोलावली. काम मार्गी लागलं म्हणून माणसं निवांत घरी गेली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पटांगण भरून वाहत होतं. विषय क्रमांक एक ते आठ पटापट उरकले. मग कृष्णराज यांनी घसा साफ केला.

"विषय क्रमांक नऊ. गट नंबर एकशे बेचाळीस सौर प्रकल्पास भाडेपट्ट्याने देणेबाबत. कुणाची हरकत?"

सगळ्या माना आप्पांकडं वळल्या. आप्पा उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. आतून एक आवाज आला, त्याच्यामागून लाळ आली आणि तीन शब्दांतला एकही शब्द आला नाही. आप्पांनी घाईनं तोंडावर उपरणं धरलं आणि दुसरा हात वर केला.

कृष्णराज यांनी लिहिलं: "अनुमोदक – श्री. हणमंतप्पा कोराळे."

आप्पा जोरजोरात मान हलवू लागले. कृष्णराज यांनी त्यांना शांतपणे समजावलं. "आप्पा, हात वर केला की ते अनुमोदन धरावं लागतं. हरकत तोंडी असते. हातानं हरकत घ्यायची तरतूद न्हाई."

आप्पांनी खिशातून कागद काढला, त्यावर "माझी हरकत आहे" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि टेबलावर ठेवलं.

"ही लेखी हरकत झाली," कृष्णराज म्हणाले. "लेखी हरकत सात दिवस आधी यावी लागते. तरी तुमच्यासाठी म्हणून आवकला घेतो." त्यांनी शिक्का मारला. आवक क्रमांक तीनशे अठरा.

दाराशी सिताबाई बसली होती. सत्तरी ओलांडलेली ही बाई गायरानावर बारा शेळ्या चारून एकटी राहत होती. ती तिथूनच ओरडली, "अवं, त्यास्नी बोलता यीना! दाढ काढलीया त्येंची. दुसरं कुणी तरी बोला की!"

"मावशे, विषयाला धरून बोला," आण्णासाहेब म्हणाले. "तुमची हाय का हरकत?"

"म्या आडाणी, मला काय त्यातलं कळतंय," असं म्हणून सिताबाईनं पदर सारखा केला.

लोक एकमेकांना धीर देत होते. "आप्पा बोलतील की. थांबा जरा. आप्पा सोडत नसतेत." सगळे आप्पांकडं बघत बसले आणि आप्पा सगळ्यांकडं बघत उभे राहिले. तीन मिनिटं अशी गेली. मग कृष्णराज यांनी लिहिलं, की कोणाचीही हरकत नसल्याचे दिसून आल्याने सदर ठराव सर्वानुमते मंजूर. या वेळी मात्र इतिवृत्तात खाडाखोड करावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा तडक उमरग्याला गेले. डॉक्टरांनी कापसाची वात ओठावरून फिरवली, सुईचं टोक हनुवटीला लावलं, "लागतंय का?" असं सात ठिकाणी विचारलं आणि सातही वेळा आप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

"दाढेची मुळं शिरेला चिकटून होती, काका. काढताना शीर दुखावलीय. तुटलेली नाही. आपोआप भरून येईल. पण दिवस लागतील. दोन महिने, कधी सहा महिनेसुद्धा." त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "संमतीपत्रात सातव्या कलमात आहे ते."

आप्पांनी सातवं कलम वाचलं. त्यात सगळं होतं. त्यांनी सही केलेली होती. वाचल्याशिवाय सही करू नका, हे गावाला एकवीस वर्षं समजावून सांगितलं होतं; ते आता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

एक आशा मात्र होती. मागील सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करावं लागतं. दोन ऑक्टोबरला ते वाचलं जाताना हरकत घेतली, तर ठराव लटकणार होता. आप्पा सकाळ-संध्याकाळ दुकानात बसून शब्दांची तालीम करू लागले. ओठ नीट मिटत नव्हते, जीभ दाताखाली येऊन रक्त निघत होतं, तरी सप्टेंबर संपेपर्यंत शब्द ओळखू येण्याइतके निघायला लागले. लाळ तेवढी ऐकत नव्हती.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. बांधावरून अकरा वर्षं भांडणारे दोघे भाऊ एके दिवशी आप्पांच्या दुकानात येऊन कडाकडा भांडले. आप्पा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. थोरल्याला वाटलं, आप्पांना आपलं पटलं. धाकट्याला वाटलं, आपलंच पटलं. दोघंही जिंकल्याच्या आनंदात चहा पिऊन गेले. भांडण मिटलं. ही बातमी गावभर झाली. मग सासू-सुनांचे, नळाच्या पाळीचे, उकिरड्याच्या जागेचे असे चौदा तंटे आप्पांनी निव्वळ गप्प बसून निकाली काढले. "आप्पा आता लई भारदस्त वाटायलेत," असं लोक म्हणू लागले. "पहिलं उगं चिडचिड करायचे."

दोन ऑक्टोबरला आप्पा "माझी हरकत आहे" पाठ करत सभेला गेले, तर आण्णासाहेबांनी पुढं येऊन त्यांचा हात धरला आणि थेट स्टेजवर नेलं. आप्पांची तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदी निवड झाल्याचं जाहीर झालं. शाल आली, नारळ आला, फोटो झाला. एकवीस वर्षांत आप्पांना या स्टेजवर कुणी बोलावलं नव्हतं. खालून स्टेजकडं बघून ओरडणं वेगळं आणि स्टेजवरून खाली बघणं वेगळं. शाल पांढरीशुभ्र होती. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे," असं कृष्णराज म्हणाले तेव्हा आप्पांनी ओठ उघडला आणि उजव्या कोपऱ्यातून एक थेंब शालीवर पडला. समोर मोबाईल रोखलेले होते. आप्पांनी ओठ मिटला. बोलता आलं असतं. अडखळत, गळत, पण आलं असतं. आणि खरं सांगायचं तर, शालही बरी वाटली होती. इतिवृत्त कायम झालं.

सोमवारी आप्पा समाधीपाशी गेले ते शाल घरी ठेवून. इरम्मा हयात असताना ते घरातही हरकती घेत आणि ती तिच्या माहेरच्या कानडीत "बाय मुच्चरी" म्हणे, म्हणजे तोंड मिटा. चाळीस वर्षं ती हे म्हणत आली आणि चाळीस वर्षं आप्पांनी ऐकलं नाही. नेमकं तिच्या जागेचा प्रश्न आला तेव्हाच ऐकलं. लिंबाखाली बसून आप्पांना भयंकर लाज वाटली.

पण सरकारी काम कधी कधी आपल्याच पायात पाय अडकून पडतं. तालुक्याहून पत्र आलं: दोन ऑक्टोबरच्या सभेला हजर मतदार फक्त तेवीस, गणपूर्ती झालेली नाही, सबब गट नंबर एकशे बेचाळीसचा अंतिम ठराव पूर्ण हजेरीत व व्हिडिओ चित्रणासह फेर सादर करावा.

या पत्रावर पंचायतीच्या खोलीत चर्चा झाली. अध्यक्ष या नात्यानं आप्पा तिथं बसले होते. गप्प माणसासमोर लोक काहीही बोलतात, ही त्यांच्या नव्या पदाची एकमेव सोय होती.

"लोकं यायची बंद का झाली?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"साहेब, लोकं ठराव ऐकायला येतच नव्हती," कृष्णराज म्हणाले. "आप्पांचं बोलणं ऐकायला येत होती. करमणूक व्हायची. आता काय हाय तिथं?"

"मग आप्पास्नी बोलायला लावायचं का?"

कृष्णराज यांनी सरपंचांकडं असं बघितलं, की आण्णासाहेबांनी प्रश्न मागं घेतला. मग कृष्णराज यांनी योजना मांडली. सव्वीस जानेवारीला मोफत दंत तपासणी शिबिर ठेवायचं. टोकनसाठी सही घ्यायची आणि तीच सही ग्रामसभेच्या हजेरीला धरायची. सुई टोचली की दहा मिनिटांत तोंड बधिर होतं आणि दोन-तीन तास तसंच राहतं. तेवढ्या वेळात ग्रामसभा. मग दाढा.

"आप्पांच्या एका सुईत गावाचे चौदा तंटे मिटले," कृष्णराज शेवटी म्हणाले. "हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून बघायला हरकत न्हाई."

"आप्पा ऐकायलेत," आण्णासाहेब जरा चाचरले.

"आप्पांचं काय, ते आपलेच हैत आता."

आप्पा तडक दुकानात परतले. त्या दिवसापासून त्यांनी दर माणसाला गाठून, अर्धं तोंडानं नि अर्धं कागदावर लिहून सांगितलं: शिबिराला जा, पण सुई घेऊ नका, गायरानाचा ठराव आहे. माणसांनी मान डोलावली. कासरे उलगडून बघितले. "तुमी हैत न्हवं आप्पा," असं म्हणून ती गेली.

जानेवारीत हनुवटीला मुंग्या यायला लागल्या. आणि सव्वीस तारखेच्या सकाळी आप्पांनी चहाची कपबशी ओठाला लावली आणि एकदम ओरडले.

"चटका बसला! राजेश्वरी, चटका बसला गं!"

राजेश्वरी चुलीपासून धावत आली आणि सासऱ्याचं तोंड बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, सरळ बोललाव की तुमी!" आप्पांनी आणखी दोन घोट मुद्दाम कढत घेतले. मग आरशासमोर उभं राहून ते तीन शब्द म्हटले. शब्द पूर्वीसारखे आले. शाल घरीच ठेवून ते निघाले.

पटांगणात कधी नव्हे ती गर्दी होती. टोकनची रांग कमानीबाहेर गेली होती. डॉ. शिवप्रिया शाळेच्या एका वर्गात खुर्ची मांडून एकेकाला तपासत होत्या. एकशे अडुसष्ट सह्या झाल्या. गणपूर्ती पुरून उरली. कॅमेरा सुरू झाला. अकरा वाजून वीस मिनिटांनी कृष्णराज यांनी विषय वाचला आणि सवयीनं विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी हरकत आहे!"

पारवे उडाले. आण्णासाहेबांनी पाण्याचा ग्लास घेतला तो हातातच राहिला. आप्पा स्टेजवरून उतरून खाली लोकांत येऊन उभे राहिले.

"हे गवत पड न्हाई," ते म्हणाले. "तिथं आपली माणसं बसवल्यात. माझी इरम्मा हाय तिथं. तुझी आई हाय. तुझा थोरला भाऊ हाय. पोर गेलं तुमचं, ते तिथंच हाय. कुंपण पडलं तर दिवा कुठं लावणार तुमी?"

आप्पांनी ज्यांच्याकडं बोट केलं त्यांनी माना खाली घातल्या.

कृष्णराज यांनी पेनाचं टोपण लावलं. "हरकत नोंदवली, आप्पा. आता हिला अनुमोदक कोण?"

"हरकतीला अनुमोदक? हे कधीपास्नं?"

"ठरावाला लागतो, तर हरकतीला का नको? समान न्याय." त्यांनी सभेकडं बघून आवाज चढवला. "आप्पांच्या हरकतीला कुणाचं अनुमोदन? तोंडी सांगायचं. हात वर केला तर तो ठरावाला धरला जाईल."

आप्पा सभेकडं वळले. एकशे अडुसष्ट माणसांनी एकशे अडुसष्ट हात गालांना लावले. काहींनी तोंडाकडं बोट करून खूण केली, की बधिर झालंय, काय करणार. काहींनी दुःखानं मान हलवली. ज्या तीस घरांची माणसं त्या कोपऱ्यात होती, त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही गाल धरले. एकानं तर लाळ गाळूनही दाखवली.

"माझं अनुमोदन हाय!" दाराशी सिताबाई काठी टेकून उभी राहिली होती. "म्या देते अनुमोदन. लिवा माझं नाव."

आप्पांना वाटलं, जाऊन त्या म्हातारीच्या पायाला हात लावावा. कृष्णराज यांनी हजेरीचं रजिस्टर वरून खाली बघितलं, मग खालून वर बघितलं.

"मावशी, तुमची सही दिसत न्हाई. टोकन घेतलं न्हाई का?"

"मला दातच न्हाईत बाबा. टोकन घिऊन काय करू?"

"मग तुमी सभेत हजर न्हाईत."

"अरं, ही काय उभी हाय की मी!"

"उभ्या हैत, पण हजर न्हाईत," कृष्णराज अदबीनं म्हणाले आणि लिहू लागले: अनुमोदनाअभावी हरकत निकाली काढण्यात आली. सदर अंतिम ठराव एकशे अडुसष्ट उपस्थितांच्या सर्वानुमते मंजूर. व्हिडिओत सभा इतकी शांत दिसली, की पुढं तालुक्याच्या बैठकीत ती नमुना म्हणून दाखवण्यात आली आणि इतर गावांकडून शिबिरासाठी डॉक्टरांचा नंबर मागवण्यात आला.

सभा संपल्यावर माणसं पांगली. आप्पा वर्गाच्या पायरीवर बसून राहिले. आत डॉ. शिवप्रिया सामान आवरत होत्या. शेवटची दाढ काढून झाली होती. आप्पांचा आवाज ऐकला म्हणून त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी कापसाची वात ओठावरून फिरवून खात्री करून घेतली.

"सगळ्या गावाला सुई दिलीत, बाई," आप्पा म्हणाले. "तुमचा काय दोष. पण त्या सुईनं माझा घात केला."

"सगळ्यांना कुठं?" डॉक्टर म्हणाल्या. "काढण्यासारख्या दाढा चाळीसच होत्या. चाळीस इंजेक्शनंच आणली होती मी. पण रांगेतली माणसं ऐकेनात. त्याला दिलं तर मलाही पाहिजे म्हणाली. मग बाकीच्यांच्या हिरडीला मिठाच्या पाण्याचा बोळा लावला. त्यानं काय होतंय!"

आप्पा पायरीवरून उठून उभे राहिले. "त्यास्नी ठाऊक नव्हतं मग."

"नाही हो काका, मी एकेकाला सांगितलं. हे नुसतं मिठाचं पाणी आहे, यानं काहीही बधिर होणार नाही, असं. सगळे हसून बरं म्हणाले." त्यांनी यादी दाखवली. एक ते चाळीस, पुढं सुईची खूण. एक्केचाळीस ते एकशे अडुसष्ट, पुढं बोळ्याची.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुकान उघडलं. रात्रीतून गावात काही बदललं नव्हतं. नऊच्या सुमाराला एक गृहस्थ आले. त्यांची आई लिंबाच्या झाडापासून चार पावलांवर होती. त्यांनी कासरा उलगडला, पीळ तपासला आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "आप्पा, गायरान गेलं बघा. लई वाईट झालं. तुमी अजून जरा जोर लावायला पायजे व्हता."

आप्पांनी त्यांच्या हातातून कासरा काढून घेतला आणि पुन्हा गुंडाळून खुंटीला लावला. "तुमचं टोकन कितवं व्हतं?" त्यांनी विचारलं.

गृहस्थांनी गालाला हात लावला आणि ते स्टँडकडं चालायला लागले. त्या दिवशी आप्पांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला. दुपारपर्यंत गिऱ्हाईक यायचं थांबलं. तेव्हा दुकानाला कुलूप लावून आप्पा गायरानाकडं गेले. कुंपणाचे खांब उतरत होते. त्यांनी तिथं सिताबाईला शेळ्या हाकताना बघितलं आणि दोघं लिंबाखाली बसून मोठमोठ्यानं, अगदी स्पष्ट शब्दांत, पंचायतीला शिव्या देत राहिली. ऐकायला इरम्मा होती आणि बारा शेळ्या होत्या.

ही हकीकत आम्ही शक्य तितक्या तटस्थपणे लिहिली आहे, कारण आम्ही स्वतः त्या सभेला हजर होतो. रजिस्टरात सही आहे. आमचं टोकन एकशे सतरा. बोळा खारट होता, डॉक्टरीणबाई भल्या होत्या आणि आमचा आजा त्या कोपऱ्यात आहे. हे वाचून ज्यांना केसरगव्हाणच्या लोकांचा राग आला असेल, त्यांनी आपल्या गावातल्या मागच्या सभेतलं, नाहीतर सोसायटीतलं, ऑफिसातलं आपलं टोकन आठवून बघावं. चाळीसच्या आतलं निघालं तर आम्हाला जरूर कळवा. तोंडी नको, लेखी कळवा. आवकला घेऊन ठेवू.